नकाशावरील हिरवा तुकडा

आमच्या वस्तीच्या मागील अंगास, दोन जुन्या चाळी, एक पिठाची गिरणी आणि एक अर्धवट उभी राहिलेली टोलेजंग इमारत यांच्या मध्ये, पाऊण एकराहून थोडी कमीच भरेल अशी एक मोकळी जागा आहे. आणि लहानपणापासून मी तिच्या कडेने जात-येत असूनही तिचे नाव काय, हा प्रश्न मला परवापरवापर्यंत पडला नव्हता. पत्ता सांगण्याची वेळ आली की आम्ही नुसते ‘मागचं ग्राउंड’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला ते कळते. तिच्या पश्चिमेच्या टोकाला विलायती शिरीषाचा, म्हणजे मुंबईकर ज्याला रेन ट्री म्हणतात त्याचा, एक प्रचंड वृक्ष आहे, ज्याची पाने दिवेलागणीला मिटतात आणि मग दिवसभर झाकलेले आकाश एकाएकी फांद्यांतून खाली उतरल्यासारखे दिसते. मे महिन्यात चाळीतल्या बायका येथे पापड-कुरडयांचे वाळवण घालतात आणि कावळे राखायला एखाद्या नातवाला काठी देऊन बसवितात. आषाढ सरला की गोविंदा पथकातली पोरे रात्री दहानंतर थर लावू लागतात. आणि उरलेल्या वर्षभर, विटांची चळत हाच स्टंप मानून, ‘गिरणीच्या पत्र्यावर मारला की आऊट’ या एकाच घटनात्मक कलमाखाली क्रिकेट चालते.

एके दिवशी सकाळी या जागेत तीन माणसे तिपाईवर यंत्र लावून उभी असलेली दिसली. मुलांनी खेळ थांबविला होता. मी जवळ जाऊन विचारले, “भाऊ, कसली मोजणी चाललीय?” त्यांतल्या एकाने यंत्रावरची नजर न काढता उत्तर दिले, “आम्हाला फक्त मोजायला सांगितलंय, काका.” त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, त्याला खरोखरीच तेवढेच सांगण्यात आले होते.

या लेखाचा उगम त्या उत्तरात आहे. मोजणी कोणी मागितली हे शोधण्यासाठी मी महापालिकेच्या विभाग कार्यालयात, तेथून नियोजन खात्याच्या टेबलापाशी, तेथून नगर भूमापन कार्यालयात आणि पुन्हा पहिल्या टेबलापाशी अशा ज्या प्रदक्षिणा घातल्या, त्यांचा वृत्तान्त मनोरंजक असला तरी नवा नाही. अखेरीस विकास आराखड्यातील नोंदीचा, डीपी रिमार्क म्हणून जो कागद मिळतो तो माझ्या हाती पडला; आराखड्याच्या तुकड्यावर आमचे ग्राउंड हिरव्या रंगाने रंगविलेले होते, त्यावर एक क्रमांक होता, आणि खाली आरक्षणाचा शेरा होता. खिडकीपलीकडच्या लिपिकाने सौजन्याने खुलासा केला, “काका, जागा रिझर्व्ह आहे, ते बरोबर. पण मालकाची पर्चेस नोटीस आलेली आहे.” ज्या भूमीवर मी पोहण्याखेरीज बाकी सर्व खेळ शिकलो, ती सार्वजनिक मालकीची नव्हतीच, सार्वजनिक होण्याची केवळ वाट पाहत होती, हे मला वयाच्या साठाव्या वर्षी त्या खिडकीशी समजले.

ही पर्चेस नोटीस काय असते ते समजून घेणे अगत्याचे आहे, कारण शहरातल्या लहान हिरव्या जागा कुऱ्हाडीने मरतात ही आपली समजूत बहुतांशी चुकीची असून त्या मुदतीने मरतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 सालचा. त्याअन्वये नियोजन प्राधिकरण खासगी जमिनीवर उद्यान, मैदान, शाळा यांचे आरक्षण टाकते, म्हणजे मालकाला सांगते की ही भूमी आम्ही लोकांसाठी घेणार आहोत, तू तिच्यावर अन्य काही बांधू नकोस. परंतु घेण्याला पैसे लागतात आणि आराखड्यात रंग भरण्याला लागत नाहीत. म्हणून त्याच अधिनियमाच्या कलम 127 ने मालकाला एक न्याय्य वाट दिली: दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर त्याने प्राधिकरणाला सूचना द्यावी, आणि त्यानंतरच्या ठरावीक मुदतीत, जी आरंभी सहा महिन्यांची होती व पुढे दुरुस्त्यांनी वाढत गेली, प्राधिकरणाने संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप व्यपगत व्हावे. ‘पावले उचलणे’ म्हणजे नेमके काय, याचा खल गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 2007 साली न्यायालयाने असा निर्णय दिला की, महापालिकेने ठराव करून जिल्हाधिकाऱ्याकडे प्रस्ताव धाडला एवढ्याने पाऊल उचलले असे होत नाही. भूसंपादनाची विधिवत उद्घोषणा मुदतीत झाली पाहिजे.

निर्णय मला अयोग्य वाटत नाही. ज्याची मिळकत दहा वर्षे अडकून पडली त्याला आणखी किती काळ ताटकळत ठेवायचे? परंतु याचा व्यवहारातला परिणाम असा की, फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सावकाश चालत असताना मुदत मात्र धावत असते, आणि जो दिवस उलटल्याने मैदान नाहीसे होते त्या दिवशी मैदानावर काहीच घडत नाही. मुले नेहमीप्रमाणे खेळत असतात. भिंत उभी राहते ती पुढे कधीतरी; तोवर हरकत घेण्याजोगे काही उरलेले नसते.

मुंबईला मोकळ्या जागा कोणी सद्भावनेने दिल्या अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी इतिहास थोडा चाळावा. कोटाभोवतालची एस्प्लनेडची विस्तीर्ण भूमी इंग्रजांनी मोकळी राखली ती तोफांच्या माऱ्याला अडथळा नको म्हणून. 1860 च्या दशकात, सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या, आणि त्या रणभूमीचे जे तुकडे पडले तेच आज ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान आणि कूपरेज या नावांनी ओळखले जातात. पुढे 1896 साली प्लेग आला, माणसे कोंदट चाळींतून पटापट मेली, आणि वारा-उजेड ही चैनीची वस्तू नाही हे सरकारच्या ध्यानी येऊन 1898 च्या कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, ज्याच्या दादर-माटुंग्याच्या योजनांतून फाइव्ह गार्डन्ससारखी रचना जन्माला आली. एक देणगी तोफेची, दुसरी प्लेगची. फुलांच्या ताटव्यापाशी छायाचित्रे काढून घेणाऱ्यांना हे सांगण्यात अर्थ नाही, तरीही सांगितले.

लहान जागांचे मोल ओळखणारा एक माणूस मात्र त्या काळात या शहरात वावरत होता. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ 1914 साली हिंदुस्थानात आला, मुंबई इलाख्यातल्या शहरांविषयी त्याने अहवाल लिहिले, आणि 1919 पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात तो समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा अध्यापक होता. एडिनबरोच्या जुन्या, दाट वस्तीत कचरा पडलेले रिकामे कोपरे हेरून त्यांच्या चिमुकल्या बागा करण्याचा उद्योग त्याने येथे येण्यापूर्वीच केला होता. रुंद रस्त्यासाठी सरसकट पाडापाड करण्याच्या तत्कालीन पद्धतीला त्याचा विरोध असे. दोन-चार पडकी घरे काढून मधल्या चौकात झाड लावावे, विहीर साफ करावी आणि बाकीची वस्ती जशीच्या तशी नांदू द्यावी, असे त्याचे म्हणणे. आमचे मागचे ग्राउंड पाहून त्याने टिपणवही बाहेर काढली असती याविषयी मला संशय नाही.

आता नावाचा प्रश्न. दादरचे अठ्ठावीस एकरांचे मैदान 1925 साली लोकांसाठी खुले झाले तेव्हा ते माहीम पार्क होते. 1927 साली, शिवजन्माच्या त्या वेळी मानल्या जाणाऱ्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचे शिवाजी पार्क झाले. त्या मैदानावर नंतर काय काय घडले हे मराठी वाचकाला सांगावयास नको. तेथील रहिवाशांनी सभांच्या गोंगाटाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि 2010 साली ते शांतता क्षेत्र ठरले, यावरून एवढे दिसते की मोठ्या मैदानालाही आपसूक काही मिळत नाही. परंतु शिवाजी पार्कातील एक कोपरा कोणी बळकावू लागला तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर ते येईल. भूमापन क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या पाऊण एकराच्या तुकड्याची बातमी कोणत्या मथळ्याखाली द्यावी? कागदोपत्री त्याला ‘भूखंड’ म्हणतात, आणि जो भूखंड आहे त्याचे काहीही करता येते असा या शब्दाचा स्वभावच आहे. मैदान, बाग, आखाडा, देवराई या शब्दांना वहिवाटीचा वास आहे. भूखंडाला फक्त क्षेत्रफळ.

शब्दाच्या फेरफाराने किती भूमी हलते याचे सर्वांत मोठे उदाहरण गिरणगावाचे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमानुसार बंद गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी साधारण वाटणी व्हावयाची होती. 2001 साली नियम बदलला. वाटणीचे तत्त्व कायम राहिले, परंतु ती संपूर्ण जमिनीची न होता केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची व्हावी असे ठरले. आणि गिरणीच्या आवारात शेड, गोदामे, धुराडी यांनी व्यापलेली जमीनच अधिक असल्यामुळे लोकांच्या वाट्याचा तृतीयांश आकसून नाममात्र झाला. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये लोकांच्या बाजूने निर्णय दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. लालबाग-परळच्या ज्या मनोऱ्यांकडे आता मान वर करून पाहावे लागते, त्यांच्या पायथ्याशी एका वाक्यातली ती दुरुस्ती आहे.

न्यायालये नेहमी अशीच बोलली आहेत असे मात्र नव्हे. बंगळूरच्या राजमहाल विलास वसाहतीत उद्यानासाठी राखलेली एक जागा वरून आलेल्या आदेशाने एका खासगी शुश्रूषागृहाला दिली गेली, तेव्हा शेजारपाजारच्या रहिवाशांनी दावा लावला आणि 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरविले. रुग्णालय ही वाईट वस्तू नव्हे. तथापि उद्यानाच्या जागी ती आणण्याचा अधिकार कोणा सत्ताधीशाच्या लहरीत नाही, आणि बागेशेजारी राहणाऱ्या साध्या माणसाला त्याविरुद्ध दाद मागता येते, हे त्या निकालाचे सार.

मुंबईपुरता दुसरा एक निकाल मला विशेष प्रिय आहे. इमारतींच्या आवारात जी मनोरंजनाची मोकळी जागा, बोलीभाषेत ‘आरजी’, सोडावी लागते ती बांधकाम व्यावसायिक वाहनतळाच्या छतावर, ज्याला पोडियम म्हणतात तेथे, दाखवू लागले होते. तेथे हिरवळीच्या पट्ट्या अंथरलेल्या असतात, कुंड्यांत ताड असतात, मुलांसाठी रबराची जमीन असते, आणि ‘मोठ्याने खेळू नये’ अशी पाटी असते. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नियमाला अभिप्रेत असलेली जागा जमिनीवर, आकाशाखाली मोकळी असली पाहिजे. पोडियमवर आणखी काही करावयाचे असेल तर ते जादा म्हणून करावे. न्यायमूर्तींनी आमचा शिरीष पाहिला नव्हता. परंतु हातभर मातीच्या थराखाली जेथे मोटारी उभ्या आहेत तेथे असले झाड कोठे मुळे पसरणार, हे कळायला वनस्पतिशास्त्र लागत नाही.

हिरव्या जागेच्या शत्रूंत सर्वांत गोड शब्द ‘दत्तक’ हा होय. महापालिकेपाशी देखभालीला माणसे नाहीत, तेव्हा एखाद्या संस्थेने मैदान दत्तक घ्यावे, तिने ते राखावे, आणि मोबदल्यात तेथे काही मर्यादित सोय उभारावी, अशी ही योजना. काही ठिकाणी त्या मर्यादित सोयीचे क्लब झाले, क्लबांना सभासद झाले, आणि ज्यांच्यासाठी मैदान राखले ते फाटकाबाहेर राहिले. जानेवारी 2016 मध्ये महापालिकेने नवे दत्तक धोरण संमत केले तेव्हा इतका गदारोळ उठला की, मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली आणि खासगी संस्थांकडील भूखंड परत घेण्याच्या नोटिसा निघाल्या. 2023 साली नवा मसुदा आला आणि पुन्हा तोच विरोध उसळला. साताऱ्यापासून झाशीपर्यंत ‘दत्तक नामंजूर’ हे शब्द आपल्याकडे संस्थाने बुडाल्याच्या दुःखाचे शब्द आहेत. दत्तक नामंजूर करा म्हणून प्रजेनेच सरकारदरबारी अर्ज करावेत हा प्रसंग मैदानांच्याच नशिबी आला.

येथे मी प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण ती माझ्या म्हणण्याला थोडी आडवी जाते. ओव्हल मैदानाची नव्वदीच्या दशकापूर्वीची अवस्था ज्यांनी पाहिली असेल त्यांना तेथील उकिरडा, झोपलेले गर्दुल्ले आणि उखडलेली जमीन आठवत असेल. ते सावरले ते तेथल्या रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयात जाऊन आणि देखभाल स्वतःच्या अंगावर घेऊन. आणि 2018 साली युनेस्कोने त्याच्या एका बाजूच्या व्हिक्टोरियन गॉथिक व दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारतींचा समुच्चय जागतिक वारसा म्हणून स्वीकारला तेव्हा मध्ये ते मैदान नीटनेटके पसरलेले होते. हाही एक प्रकारे दत्तकच. फरक एवढाच की, ओव्हलच्या कडेला राहणाऱ्यांपाशी वेळ, वकील आणि इंग्रजी होते, आणि त्यांना मैदानावर काही बांधावयाचे नव्हते. आमच्या चाळीतल्यांपाशी यांतले केवळ शेवटचे आहे.

पुण्यातही असाच प्रकार, निराळ्या नावाने. गृहप्रकल्पांतून महापालिकेच्या ताब्यात आलेल्या ‘ॲमेनिटी स्पेस’ दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव 2021 साली पुढे आला तेव्हा नागरिकांनी त्याला कडाडून विरोध केला. त्याच्या तपशिलात मी शिरत नाही. टेकड्यांसाठी भांडणाऱ्या पुणेकरांना माझ्या वकिलीची गरज नाही.

मुंबईच्या नव्या विकास आराखड्याच्या वेळी जे घडले ते मात्र विस्ताराने सांगण्याजोगे आहे. 2014 ते 2034 या काळाचा हा आराखडा तयार करताना, शहरात माणशी किती मोकळी जागा उपलब्ध आहे याचा जो हिशेब निघाला तो 1.24 चौरस मीटरचा. सहा फूट लांब, तीन फूट रुंद अशी निजावयाची चटई घेतली तर ती याहून मोठी भरते. फेब्रुवारी 2015 मध्ये मसुदा प्रसिद्ध झाला. चटईहून कमी मोकळी जागा असलेल्या या शहरात चटईक्षेत्र निर्देशांक काही ठिकाणी आठपर्यंत नेण्याची तजवीज त्यात होती, आणि नकाशे लोकांनी भिंगाखाली धरले तेव्हा त्यांत इतक्या चुका सापडल्या की हसावे की रडावे कळेना. लोकांनी हरकती लिहिल्या. एक-दोन नव्हे, हजारो: निवृत्त शिक्षकांनी, मच्छीमारांनी, वास्तुविशारदांनी, गृहिणींनी, कोणी टंकलिखित, कोणी वहीच्या फाडलेल्या पानावर. एप्रिल 2015 मध्ये राज्य सरकारने संपूर्ण मसुदा फेरविचारासाठी परत पाठविला, 2016 मध्ये सुधारलेला मसुदा आला, आणि मे 2018 मध्ये मंजूर झालेला आराखडा त्याच वर्षी 1 सप्टेंबरपासून अमलात आला. तो निर्दोष आहे असे कोणी म्हणत नाही. परंतु सूचना-हरकतींची ती मुदत, जिची जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते, ती किती जड वस्तू आहे हे त्या वर्षी या शहराने पाहिले.

मागच्या ग्राउंडासाठी आमच्याही चाळीत एका रविवारी दुपारी हरकतींचे अर्ज लिहिण्यासाठी मंडळी जमली. अर्जाचा मजकूर मी सिद्ध करून नेला होता, कलमांचे उल्लेख त्यात यथास्थित होते, आणि तो वाचून दाखविताच पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “हे तुमचं छान आहे हो, पण माझं मला लिहू द्या.” त्यांनी सावकाश, शिरोरेघेसह, पेन्सिलीने लिहिले की, त्या लग्न होऊन आल्या त्या उन्हाळ्यापासून दरसाल त्या जागेत वाळवण घालतात, त्यांच्या यजमानांचा संप त्याच झाडाखालच्या सभांत सुरू झाला, आणि मिटला नाही तेव्हाही माणसे तेथेच येऊन बसत. कलम त्यांनी कोणतेच घातले नाही. माझ्या अर्जाला जोडून आम्ही तो कागद दिला, आणि त्या दोहोंत पुरावा कोणता आणि अर्ज कोणता हे मला तेव्हा ठरविता आले नाही.

विभाग कार्यालयातील खिडकीशी अर्ज देताना लिपिकाने वरचा रकाना दाखविला: जागेचे नाव. आम्ही पाच जण होतो. एकाने म्हटले, मागचे ग्राउंड लिहा. दुसऱ्याने म्हटले, ते काय नाव झाले? लिपिकाने मागच्या रांगेकडे पाहिले. मग मी भूमापन क्रमांक लिहिला आणि पुढे कंसात ‘मैदान’ हा शब्द घातला.

वाचकांपैकी ज्यांच्या घरामागे अशी एखादी जागा असेल त्यांनी तिचा डीपी रिमार्क काढून पाहावा. अर्ज साधा असतो, शुल्क भरावे लागते, दोन-तीन खेटे पडतात. त्यावर हिरवा रंग असेल तर खालचा शेरा शेवटपर्यंत वाचावा, जमीन ताब्यात आली आहे की यावयाची आहे ते पाहावे, आणि यावयाची असेल तर आरक्षण कोणत्या वर्षीचे हे विचारावे. तारीख विचारल्यावाचून उठू नये.

आमच्या अर्जाची पोच माझ्यापाशी आहे. तिच्यावर गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख आहे. उत्तर आलेले नाही.